लाल ठोकळे

दिलवरने नंदुरबार बांधलं ठोकळ्यांचं.
आधी स्टेशन, कारण रूळ गेममध्ये तयार मिळतात,
मग पाण्याची टाकी, मग उगाच एक किल्ला,
आणि गावाबाहेर मिरचीची पथारी.
एका ओळीत कमांड लिहिली
ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल,
आणि एंटर दाबताच
चार एकर मिरची वाळत पडली.

माझ्या बहिणीला तेवढी पसरायला
अकरा बाया आणि दोन दिवस लागतात.

मी म्हटलं, छान झालंय रे.
तो म्हणाला, थांब मामा, अजून झोंबत नाहीये.

मग त्याने जमिनीखाली एक पेटी पुरली,
सेकंदाला वीस वेळा एकच प्रश्न विचारणारी:
पायाखाली काय आहे?
लाल आहे?
असेल तर विष.
नसेल तर पुन्हा विचार.

हवेत लाल धूळ सोडायची कमांड वेगळी.
ती तीनदा चुकली.
एकदा कंस राहिला, एकदा स्पेस जास्त पडली,
एकदा विष नुसतं कोंबड्यांनाच लागलं
आणि त्या स्टेशनभर पळत सुटल्या.
आम्ही दोघं हसलो तेवढं हसलो.

"आता ये आत."
मी गेलो. बाजार समितीत वजनं लिहिणारा माणूस मी,
मला बटणं सापडेपर्यंत
माझी हृदयं पिवळट हिरवी पडली होती,
एकेक विझत चाललं होतं.
मरतो का रे मी?
"नाही मामा. ह्या विषाने कुणी मरत नाही.
शेवटचं अर्धं हृदय ते सोडून देतं.
तेवढ्यावर चालायचं."

हे त्याने बनवलेलं नाही, गेममध्येच तसं आहे.
मी दोनदा विचारून घेतलं.

रविवारी सेवंती बसली खुर्चीवर.
हात खोबरेलाने चोळले, राखेने, मग साबणाने,
तरी दिलवरने माउसवर फडकं टाकलं.
नंतर तेच बोट डोळ्याला लागतं,
त्याला लहानपणापासून माहीत आहे.

तिच्यासाठी त्याने सूट लिहून ठेवली होती:
सगळ्यांना, पण 'आई' हे नाव सोडून.
आणि ती शिरली त्याच्या दोस्ताच्या खात्यातून,
नाव डेंजरकिंग सत्तावीस.
सूट लागली नाही.

ती चालली. हृदयं गेली. ती थांबली नाही.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत,
पथारीवर माल उलथत फिरतात तशी,
आणि दिलवर मागून ओरडतोय
आई, दूध पी, बादली चार नंबरला आहे,
दूध प्यायलं की उतरतं!
"दूध?" ती म्हणाली,
आणि हसली की खोकली,
हल्ली तिचं दोन्ही एकसारखंच वाटतं.
"बराबर बनवलंय. फक्त ठसका नाही."

मग विचारलं तिने,
वारा कुठून येतो तुझ्या गावात?
त्याने डोकं खाजवलं.
पाऊस आहे, वीज आहे,
वादळ तर एका शब्दात येतं,
पण वारा त्या गेममध्ये नाहीच.
"मग लिही," ती म्हणाली.
"काट्याच्या पलीकडे गादी असते ना शेटची, पंख्याखाली,
तिकडे कधी जात नाही तो. तू ने."

रात्रीचे साडेदहा झालेत.
तो धूळ ढकलतोय
एकेक ठोकळा पुढे,
काटा ओलांडून, पोत्यांच्या थप्पीवरून,
पंख्याखाली. तिथे गादी आहे,
शेट नाही, शेट कुठला सापडायला.
बाजूला एक टेबल,
टेबलाशी त्याने बसवलाय एक माणूस
चौकडीच्या शर्टातला, पुढ्यात वही.
शर्ट मी ओळखतो.

मी म्हटलं, मलापण सूट लिही रे एक.
"लिहितो ना," तो म्हणाला, मान न वळवता,
"पण स्पेलिंग नीट सांग, मामा.
एक अक्षर चुकलं तरी लागतं."