शिबंदीची खोली

बेलापूरच्या किल्ल्यावर शिबंदीच्या खोल्या म्हणतात त्या
आता गुडघाभर जोती
आणि एका भिंतीत तगून राहिलेला कोनाडा.

नाना आत शिरले
ते उंबरा नसलेल्या जागी पाय उचलूनच.
वितीने भिंत मोजली.
"नऊ. खाट बसते. पायथ्याशी ट्रंक.
बंदूक उशाशी नाही, दाराकडे."
जणू कालच बदली होऊन आलेत.

मी खाडीकडे बघत होतो,
पलीकडे उलव्याचे टॉवर.
विचारायचं होतं,
बावीस वर्षं अशा खोल्यांत
आमचा फोटो कुठे ठेवायचात?

त्यांनी कोनाड्यात हात घातला,
कोपरापर्यंत.
चाचपत राहिले.
बाहेर आला तेव्हा बोटांना नुसता चुना.

घरी येईपर्यंत पुसला नाही.
सीटबेल्टवर
अजून आहे.