खिडकीतला बिल्ला

महिना संपला की बिल्ले गोळा होतात,
खाकी पाकिटातून तपासायला जातात.
मग कागद येतो. माझ्या नावापुढे
सात वर्षं एकच शब्द: नगण्य.
चांगलंच आहे ते. तरी
आपल्या नावापुढे पुन्हा पुन्हा तेच छापलेलं वाचून
जरासं लागतंच.

मार्चमध्ये आकडा आला.
शून्य पूर्णांक एक.
मोरवेना जोरीनं दार लोटून घेतलं.
कुठे उभी होतीस? काचेच्या अलीकडे?
एखादं मूल धरून ठेवलंस टेबलावर?
एप्रन होतं ना अंगात?

मी कुठेच नव्हते.
बिल्ला घरी होता, कॅम्बोर्नच्या भाड्याच्या घरात,
खिडकीच्या ग्रॅनाइटवर, चष्म्याच्या डबीमागे, चोवीस दिवस.
हरवला असं सांगून मी दुसरा घेतला होता;
सापडला तसा गुपचूप पाकिटात सरकवला.
यंत्रापाशी सात वर्षांत जे भरलं नाही
ते दगडानं भरलं, बसल्या जागी,
कुणाला श्वास धरा न म्हणता.

म्हातारे ट्रेगियर येतात छातीच्या फोटोला.
कथिलाच्या खाणीत उमेद गेली, आता खोकला उरलाय.
थंड पाटीला छाती टेकवून विचारतात,
"किती लागतं गं हे अंगाला?"
इथल्या एका दिवसाइतकं, मी म्हणते, फार तर.
ते बोटांवर काहीतरी मोजतात.
"शहाऐंशी वर्षं, म्हणजे एकतीस हजार फोटो झाले की माझे!"
आणि हसता हसता इतके खोकतात
की फोटो हलतो,
पुन्हा काढावा लागतो.
एकतीस हजार एक.

मोरवेना हसली नाही.
विसरलीसच कशी, म्हणाली, तू तर कधी विसरत नाहीस.
त्या सकाळी उलट्या होत होत्या, मी म्हटलं.
आणि त्या आधीच्या सकाळी. आणि नंतरच्याही.
तिनं पेनाचं टोपण लावलं.
खण उघडला. वेगळाच फॉर्म काढला.

तुला वर्षाला वीस, ती म्हणाली.
त्याला एक. सगळे महिने मिळून एक.

माझ्या बाळाची पहिली नोंद ही अशी:
तारीख, सही, विभाग क्ष-किरण.
आईला ठाऊक नव्हतं. श्रीरंगला वाटत होतं
माशानं पोट बिघडलंय.

आईला रविवारी सांगितलं.
ती आधी रडली, मग कॅलेंडर काढून बसली:
ग्रहण आहे बघ ऑगस्टात,
बाहेर पडू नकोस, सुरीला हात लावू नकोस,
दिसत नाही म्हणून लागत नाही असं नसतं.
मी हो म्हटलं.
शिशाच्या काचेमागे उभी राहून
मी रोज हेच तर सांगते लोकांना.

आता दोन बिल्ले. एक छातीवर,
एक कमरेला, एप्रनच्या आत.
घरमालक म्हणतो, खिडकी उघडी ठेवत जा,
दगडाचा वायू बाहेर जातो. थंडी आत येते, त्याचं काय?
रात्री मी पलंग भिंतीपासून हातभर ओढायला घेतला.

"थांब, तू नको ओढूस,"
झोपेतून उठून श्रीरंग म्हणाला,
आणि मी पलंगाचा पाय धरून तशीच राहिले.

याला कुणी सांगितलं?