डावीकडची खिडकी

नताख्तारीच्या काउंटरवरची गुरांदा
सगळ्यांना एकच सांगते:
मेस्तियाला जाताना उजवीकडे बसा,
येताना डावीकडे.
एकोणीस जागा. उजव्या रांगेसाठी
माणसं एकमेकांना कोपरं मारतात.

बेखान डावीकडची मागतो.
मागची, कळकट काचेचीही चालेल.
"शिखरं काय, गोठ्याच्या दारातून दिसतात,
रोज, दूध काढताना."

विमान कलतं. उजवीकडे एकच गलका,
बर्फ, बर्फ, उश्बाची दोन टोकं.

तो खाली बघतोय.
एन्गुरीला धरून गेलेला
दोऱ्याएवढा रस्ता.
अकरा तास लागायचे बसला,
त्सिराच्या माहेराहून निघालं की.
दर वळणावर ओकायची बिचारी,
तोंड पुसून परत हसायची.

कपाळ काचेला टेकवून
तो बोटानं अंतर मोजतो.

एवढासाच होता की.