लाइनवर कोण आहे

साल्तोला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
बुधवारी दोन्या एतेल्विनाकडे गेलो.
तिच्या पडद्यावर एक लाल चौकोन
सकाळपासून बोंबलत होता:
तुमचं मशीन धोक्यात आहे,
ताबडतोब या नंबरवर फोन करा.

"केलात का फोन?" माझ्या पोटात गोळा.
"छे. जो स्वतःच दार ठोठावून सांगतो
की घरात चोर शिरलाय,
त्याला आत घेऊन मी चोर शोधू होय?"

मी साफसफाईला बसलो.
कॅमेऱ्यावर तिने कुरुपाची पट्टी चिकटवली होती.
बँकेच्या पानावर गुप्त प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव?
"ते इथे पाववाल्यालाही ठाऊक आहे," ती म्हणाली.
"मी तिथे भलतंच लिहिलंय.
आई असती तर हसली असती."

मग कडू येर्बाचा भोपळा माझ्या हातात देऊन
न विचारताच सांगू लागली.
एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज.
डोक्याला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी,
समोर भोकाभोकांची पाटी,
एकेक भोक म्हणजे एकेक घर.
संत्र्यांची कुठली बाग कुणाकडे गहाण,
कुणाचं बाळ खरं तर कुणाचं,
सगळं कानात यायचं
आणि पोटात राहायचं.
"पगार हाताच्या कामाचा होता," ती म्हणाली,
"गिळण्याचा वेगळा मिळत नव्हता."

नंतर ती वर्षं आली
जेव्हा लोक फोनवर फक्त हवामान बोलायचे.
एका रात्री दोघं जण आले, बूट न पुसता.
म्हणाले, सव्वीस नंबरची लाइन
आमच्यासाठी उघडी ठेवायची.

"ठेवलीत?"

तिने भोपळ्यात पाणी ओतलं. फार सावकाश.
"वायर सारखी निसटायची. जुनी पाटी.
पहिल्या रात्री निसटली. दुसऱ्या रात्री. तिसऱ्या."
पाणी काठोकाठ आलं, सांडलं.
"चौथ्या रात्री नाही निसटली."

सव्वीस नंबरात कोण राहायचं
ते मी विचारलं नाही.
अपडेट बेचाळीस टक्क्यांवर अडकलं होतं,
दोघंही त्याच्याकडे बघत बसलो
जणू तिथे काही घडणार होतं.

शेवटी म्हणालो, नवा पासवर्ड टाका,
लांबलचक, कुणाचा वाढदिवस नको,
मांजराचं नाव नको,
आणि मलाही सांगू नका.
"तुला कशाला सांगेन?" ती म्हणाली. "वळ तिकडे."

वळलो. भिंतीवर खतकंपनीचं कॅलेंडर,
मार्च उलटायचा राहिलेला.
डोळे फिरवता येतात,
कानांना पापण्या नसतात.
टक. टक टक. टक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दोनदा, शेजारशेजारच्या बटणांवर,
जसं कुणी दोन आणि सहा दाबावं.
अकरा, बारा...

"मोजू नकोस," पाठीमागून आवाज आला.
"चोरून ऐकणाऱ्याचा श्वास बदलतो.
मला कळतं."

मी श्वास रोखून धरला.
तोही तिला
स्वच्छ ऐकू गेला असणार.