कळ

ऐक सनातू, सगळ्यात आधी तळहात दाखवायचा.
भविष्यासाठी नव्हे,
तू तूच आहेस एवढं यंत्राला पटावं म्हणून.
मग खिसे उलटे करायचे, घड्याळ काढून कपाटात.
हो, छातीवरचं हे उलटं घड्याळसुद्धा.
अकरा वर्षांत पहिल्यांदा काढलं मी ते
आणि आक्राच्या त्या गारठलेल्या खोलीत
रिकामं कापड चाचपत राहिले.

वेळ पडद्यावर असते, उजवीकडे वर.
उलटी चालते.

थांब. चार नंबरची कण्हतेय.

आठ सेंटिमीटर. दुसरेपण आहे, वेळ नाही लागायचा.

हां, तर वाचन. उतारे तीन.
एक ज्वालामुखीचा, एक मधमाश्यांचा,
एक कुठल्याशा राजानं बसवलेल्या करांचा.
जीव लावून वाचू नकोस, मी तिथंच फसले,
मधमाश्या मला आवडायला लागल्या
आणि सहा मिनिटं गेली.
आधी प्रश्न बघ, मग उतारा पाख्यासारखा पाखड.

ऐकणं एकदाच.
मागे नेता येत नाही, ‘काय म्हणालात?’ विचारता येत नाही.
दोघं जण ग्रंथालयाच्या दंडावरून बोलत असतात,
आपण बोथट पेन्सिलीनं टिपत राहायचं.
पण पोटाला लाकडी नळकांडं लावून
पंख्याच्या घरघरीतून जी ठोका वेचते
तिला ‘एकदाच’चं भय कसलं?

बोलणं मात्र...
कानांवर हेडफोन, ओठांशी माइक,
पंधरा सेकंद विचाराला, पंचेचाळीस बोलायला.
समोर माणूस नाही. एक निळी पट्टी भरत जाते.
आणि बारा जण एकदम सुरू होतात:
आवडत्या जागेविषयी सांगा.
डावीकडचा पोरगा समुद्र सांगतोय,
मागून कुणी ओरडून आपली शाळा,
उजवीकडची आईच्या चुलीपाशी येऊन अडकलेली.
माझी जीभ टाळूला चिकटली.
इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे गं.
शाळेत दागबानी तोंडातून निसटली की छडी बसायची आपल्याला,
आता इंग्रजी येते हे दाखवायला फी.
पण भिंतीशी मी कुठल्याच भाषेत
कधी बोलले नव्हते.

बीप वाजला. गेला तो प्रश्न.

आले, आले फुसेना! धर माझा हात.
श्वास घे. सोड. सनातू, मोज.

किती भरले?
पंचेचाळीस.

बघ.
हेच मला तिथं तिसऱ्या प्रश्नाला कळलं.
कळ येते, चढते, माथ्यावर थरथरते, उतरते.
तेवढंच बोलायचं असतं.
पंधरा सेकंद म्हणजे दम खाणं.
मागची गेली, पुढची आली की बघू,
हिच्यापुरती राहा,
रोज रात्री मीच तर सांगते हे बायकांना.
तर मी समोर पडदा नाही, खाट आहे असं धरलं
आणि धीर द्यायच्या आवाजात माइकला सांगितला
तामालेचा बाजार, शियाच्या लोण्याचा वास,
हरमाटनच्या धुळीनं भगभगलेली दुपार.
वाक्य आणि पट्टी, दोन्ही एकदम संपली.
बारांतल्या कुणीच ऐकलं नाही.

राहिलं लिहिणं. ते मग सांगते.
डोकं दिसतंय. दिवा इकडे.

*

तीन चाळीस. मुलगी. दोन किलो नऊशे. लगेच रडली.

नोंदवहीत लिही, नेहमीसारखं इंग्रजीत.
तिथं खाली शब्द मोजणारा आकडा असतो,
तीनशेच्या आत थांबलं की आपलं आपल्यालाच वाईट वाटतं.
इथं आठ-नऊ पुरतात.

निकाल दहा दिवसांनी म्हणाले.
सही कर खाली.
आणि सनातू, तुझं घड्याळ
दोन मिनिटं पुढे आहे.