फॅमिली रूम

चार वाजता सोलापुरात सावलीसुद्धा तापलेली असते.
अशा वेळी चहा म्हणजे वेडेपणा,
असं बाहेरगावचे लोक म्हणतात.
आम्ही म्हणतो, हाफ द्या. कडक.

वसंत विलास. अशोक चौकाच्या अलीकडे,
सायकलच्या दुकानाला लागून.
संगमरवरी टेबलं, त्यातल्या एकाला भेग.
गल्ल्यावर रेवणसिद्धप्पा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे,
घामाने त्यांचे झालेले अडीच.
हिशोब ते कानडीत करायचे,
ओरडायचे मराठीत,
आणि उधारीवाल्याशी कुठल्याच भाषेत नाही,
नुसतं बघायचे.

मागे, मोरीच्या शेजारी, फॅमिली रूम.
म्हणजे तीन बाकडी, एक बल्ब, कुरकुरणारा पंखा
आणि हिरव्या चौकड्यांचा पडदा,
इथल्याच कुठल्यातरी मागावरचा.
शनिवारी कारखान्यात विड्या देऊन झाल्या
की आई, भूदेवी आणि नरसव्वा
त्या पडद्याआड जायच्या.
फॅमिली त्यांच्यात कुणी कुणाची नव्हती.
एका ओसरीवर सुपं घेऊन बसायच्या, एवढंच.

'रा, चाय तागुदाम,' भूदेवी म्हणायची,
जणू हॉटेल तिच्या माहेरचं.
दोन फुल, चार बशा. चौथी माझी.
चहात आलं, वेलची,
आणि बशी धरणाऱ्या बोटांचा तंबाखूचा वास.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
हॉटेलच्या चहाला वास असाच असतो.
बोलणं ठरलेलं: चेकरने किती छाट काढली,
पानं कशी फाटकी दिली.
हसायच्या मात्र अशा
की पडद्याबाहेर कप हातात थांबायचे.

मग तो मे. पंखा बंद पडला.
मलकारी पोऱ्या ओल्या फडक्याने
टेबल पुसता पुसता थोडा वारा घालून गेला.
नरसव्वा म्हणाली, जीव चाललाय, घरी जाऊ.
घरी म्हणजे पत्रा.

आई उठली. बशी हातात, भरलेली.
पडदा खांद्याने सारला
आणि थेंब न सांडता चालत गेली
दाराजवळच्या, भेगेच्या टेबलापर्यंत.
बरोब्बर पंख्याखाली बसली.

रेडिओ तेवढा तापमान सांगत होता,
जे सगळ्यांना माहीत होतं.
एका शिंपीकाकांनी पेपरची घडी घातली,
उलगडली, परत घातली.
रेवणसिद्धप्पांनी बघितलं. तेच, उधारीवालं बघणं.
'काय बघलालाय ओ अप्पा?' आई म्हणाली.
'पैसे रोख हायत.'

त्यांनी नजर गल्ल्यात ठेवली, झाकण लावलं.
'मलकारी, तिथं पाणी दे की बे.'

भूदेवी आली. मी आले.
नरसव्वा आली, पण भिंतीकडे तोंड करून बसली.
पुढचे दोन शनिवार तिने भिंतीशीच चहा घेतला.
तिसऱ्याला वळली.
जूनमध्ये पंखा दुरुस्त झाला,
तोवर फॅमिली रूममध्ये साखरेची पोती आली होती.

काल लेकीने मला सात रस्त्याला नेलं.
ए.सी., भिंतीवर प्लास्टिकची वेल,
चहाचे बावीस प्रकार, एकात गुलाबाच्या पाकळ्या.
'आत कोपऱ्यात बसू, आई. तिथे शांत आहे.'
मी दाराजवळची खुर्ची ओढली.
दार उघडलं की ऊन आत येत होतं,
येऊ दे म्हटलं.

बशी मागितली. पोरगा गोंधळला,
आतून केकची प्लेट घेऊन आला. सपाट.
ओतला चहा. तो थांबेचना तिच्यावर,
टेबलावर पसरला, लेकीच्या मोबाईलकडे निघाला.
'आई, अगं!'
मला हसू फुटलं, आवरेना,
आणि शेजारच्या टेबलावर
दोन कप थांबले, हवेत.