असावे

वस्तू क्रमांक एकशे बारा.
लाकडी, पण साग नव्हे. उंची चार इंच.
खाली दांडा, वर गुळगुळीत गोल टोपी.
खाजगीवाले सरांच्या वळणदार अक्षरात कार्ड :
‘विलायती भूछत्र. खेळणे असावे.’

दोन वर्षं दर रविवारी मी तेच सांगत आले
नारायण पेठेत, लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्यांत,
जिथे जिन्यातच इस्त्रीची वाफ भेटते
आणि बूट-चपला खालीच काढाव्या लागतात.
मुलं विचारायची, खेळायचं कसं?
मी म्हणायचे, भोवऱ्यासारखं.
खोटं पाडायला कुणी आलं नाही.

मग आम्ही चौघं गेलो :
शाल्मली ढमढेरे, तन्वीर मुजावर, ओजस आणि मी.
पत्रात ‘इतिहासाची देवाणघेवाण’ असं होतं.
बाबांनी पतपेढीतली ठेव मोडली,
आईनं मेतकूट कोंबलं,
व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पगार किती?
म्हटलं, दोन वेळचा चहा.

स्कॉटलंडच्या पार वरच्या अंगाला मासळीचं गाव.
तिथल्या संग्रहालयात आठवडाभर
निळे हातमोजे घालून आम्ही कपाटं उपसली.
तळच्या खणात, पातळ कागदात गुंडाळलेला
आपला तांब्या.
पितळी. पोटाला पोचा.
कार्डावर : ‘फुलदाणी, पूना.
काठावर ठिपक्यांची नक्षी. मंत्र असावा.’

तन्वीरच्या अब्बांचं भांड्यांवर नावं घालायचं दुकान आहे.
त्यानं तांब्या खिडकीशी नेला, उजेड तिरका घेतला,
आणि वाचला, जसा दुकानात गिऱ्हाईकाला वाचून दाखवतो :
‘चि. दुर्गीस आत्याकडून. शके १८४२.’
मग म्हणाला, हातानं घातलंय. ‘र्गी’वर छिन्नी घसरलीय.

तिथल्या बाईंनी विचारलं, आत्या म्हणजे?
बापाची बहीण, शाल्मली म्हणाली.
एवढंच?
आम्ही चौघंही गप्प. एवढंच कसं असेल?

कार्ड त्यांनी त्याच दुपारी बदललं.
फक्त ‘इथे कसा आला’ या रकान्याशी अडलं.
शाल्मली म्हणाली, भेट असावी.
ओजस म्हणाला, लूट असावी.
तन्वीर म्हणाला, विकला असेल, दुर्गीलाही पैसे लागले असतील.
रकाना बोटभर. तो कोराच राहिला.

मी राहत होते मॉराग आजींकडे.
एका रात्री त्यांनी टोपलीतून काढलं
ते एकशे बारा.
दांडा मुठीत, टोपीवर मोजा ताणलेला,
आणि भोकावर सुई आडवी, उभी, आडवी, उभी.
मी ओरडलेच.
त्यांना वाटलं, सुई मला टोचली.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून.
‘चूक माझीच. पण कार्ड बदलायला ठराव लागतो.
ट्रस्टची सभा दिवाळीनंतर.’
तोवर?
‘तोवर तोंडी.’

आज महापालिकेच्या शाळेची सहावी आली.
मी एकशे बाराशी थांबले. हे भूछत्र नाही, म्हटलं,
खेळणंही नाही, मी दोन वर्षं चुकीचं सांगत होते.
मोजा, भोक, सुई, सगळं सांगितलं
आणि कुणाच्याच पायांकडे पाहिलं नाही,
कारण मागे एक मुलगा आल्यापासून
एका पावलानं दुसरं पाऊल झाकून उभा होता.

तोच पुढे आला.
मोजा काढलेला, हातात.
‘ताई, ह्याच्यावर बसतो का बघू?’

हात लावू नये, असं भिंतीवर दोन भाषांत लिहिलंय.
किल्ली माझ्याच गळ्यात.

बसला. भोक बरोबर मधोमध आलं,
त्यातून जुनं लाकूड दिसायला लागलं.
रफू मला येत नाही. सुई कुणाकडेच नव्हती.
‘लॉन्ड्रीत असेल!’ कुणीतरी म्हणालं,
आणि सहावीच्या सहावी
अनवाणी, मोज्यांनी, धडधडत
जिना उतरत गेली.